एका हाताचा छायाचित्रकार

इंदुरातील कोणत्याही जुन्या मराठी घरात शिरावे, दिवाणखान्याच्या भिंतीवर एखादा तरी पिवळट पडलेला फोटो असतोच. पगडी घातलेले पणजोबा खुर्चीवर, शेजारी नऊवारीतली पणजी उभी, मागे रंगवलेला पडदा आणि दोघांच्याही मुद्रेवर कोर्टात साक्षीला उभे राहिल्यासारखा ताठपणा. त्या ताठपणाला आजची मुले हसतात. पण तो दोष पणजोबांच्या स्वभावाचा नव्हे, त्या काळच्या मंद प्लेटेचा. फोटोग्राफर काळ्या बुरख्यातून डोके बाहेर काढून ‘हलू नका’ म्हणाला की श्वास धरून बसायचे, एवढेच त्या बिचाऱ्यांच्या हाती होते. आपल्या गावाला या विद्येचे अप्रूप नाही. लाला दीनदयाळ, जे पुढे हैदराबादेस निजामाच्या पदरी राजा दीनदयाळ झाले, ते इंदुरात सरकारी बांधकाम खात्यात नक्शे काढता काढता याच गावात कॅमेऱ्याच्या नादी लागले. यशवंतराव महाराज आणि संयोगिताबाई यांचे मॅन रे या अमेरिकन कलावंताने 1930 च्या आगेमागे काढलेले फोटो आजही जगभर दाखवले जातात.

आमच्या घरचा फोटो मात्र असा नामांकित नाही. नानासाहेब पानशांच्या परंपरेत शिकलेले आमचे वडील होळकर दरबारच्या अखेरच्या काही वर्षांत पखवाजी होते. 1948 साली संस्थान विलीन झाले तेव्हा ते ऐन विशीत होते आणि मी त्यांचे फार उतारवयातले अपत्य. दरबारात लागले त्या सुमारास गावातल्याच एका फोटोग्राफराने त्यांचा पखवाज घेऊन बसलेला फोटो काढला. काचेची प्लेट आईने बिस्किटांच्या डब्यात फडक्यात गुंडाळून ठेवली होती आणि भिंतीवरचा छाप वाळवीने निम्मा खाल्ला होता. वडिलांच्या पश्चात मी ती प्लेट बाजारातल्या एका दुकानात दिली आणि चांगला हातभर मोठा फोटो करून मागितला. चार दिवसांनी मिळाला. चेहरा गुळगुळीत, अंगरखा शुभ्र, मागचा पडदा स्वच्छ. मी पाहत राहिलो, कारण पखवाजाच्या डाव्या तोंडावर कणीकच नव्हती. वाचकांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल, पखवाज वाजवण्यापूर्वी डाव्या तोंडाला भिजवलेली कणीक थापतात, तिच्याशिवाय खर्ज निघत नाही. मी विचारले तर दुकानातला मुलगा मोठ्या उत्साहाने म्हणाला, “सर, धब्बा था, निकाल दिया.” त्याच्यावर रागवायचे तरी काय! त्याने जन्मात पखवाज पाहिला नसेल.

त्याच महिन्यात माझी एक जुनी शिष्या प्रागहून सुट्टीला आली आणि तिने मला एक जाडजूड चित्रांचे पुस्तक दिले. “गुरुजी, हा फोटो काढणारा माणूस गाण्याचा वेडा होता, म्हणून तुमच्यासाठी आणलं,” असे ती म्हणाली. त्या माणसाचे नाव योझेफ सुदेक. गेले वर्षभर मी या एका माणसाच्या मागे लागलो आहे, आणि मी फोटोग्राफीतला जाणकार नसतानाही त्याच्याविषयी लिहिण्याचे धाडस त्या वेडापायीच करतो आहे.

सुदेक 17 मार्च 1896 रोजी बोहेमियातल्या कोलीन गावी जन्मला. तेव्हा तो मुलूख ऑस्ट्रियाच्या बादशहाचा होता. बाप घरांना रंग देणारा, तो मुलगा लहान असतानाच वारला. मुलाला पुस्तकबांधणीच्या धंद्यात घातले. धंदा चांगला होता, बोटांचा होता. पुढे महायुद्ध पेटले, 1915 साली सैन्यात भरती झाली, इटलीच्या आघाडीवर रवानगी झाली आणि 1917 साली तोफगोळ्याचा तुकडा उजव्या हाताला लागला. असे सांगतात की तो गोळा शत्रूचा नव्हता, स्वपक्षाच्याच तोफांचा होता. हात खांद्यापासून कापावा लागला. पुस्तकबांधणी संपली.

पुढची तीन वर्षे या इस्पितळातून त्या इस्पितळात गेली. फोटो काढण्याचा नाद त्याला आधीपासून होता, लढाईवरही तो फोटो काढत असे. आता तोच एक उरला. सरकारने जायबंदी सैनिक म्हणून कचेरीतली बैठी नोकरी देऊ केली, ती त्याने घेतली नाही. पेन्शन मात्र घेतली आणि 1922 साली प्रागच्या सरकारी ग्राफिक कलाशाळेत नाव घातले. प्रागमध्ये ‘इन्व्हॅलिडोव्हना’ नावाची अपंग सैनिकांची मोठी वास्तू होती. तिथल्या आपल्यासारख्याच मोडक्या सोबत्यांचे फोटो त्याने 1922 ते 1927 या काळात काढले. ते पाहताना दया येत नाही, हे मला विशेष वाटले. खिडकीतून ऊन येते आहे, धुरकट हवेत माणसे बसली आहेत, कोणी पाठमोरा आहे. उन्हाने त्या माणसांवर मेहेरबानी केल्यासारखी वाटते, फोटोग्राफराने नव्हे.

1924 साली यारोमीर फुंके आदी समवयस्कांबरोबर त्याने चेक फोटोग्राफिक सोसायटी काढली आणि त्याच वर्षी प्रागच्या किल्ल्यातल्या संत व्हीटच्या महामंदिरात कॅमेरा नेऊन ठेवला. हे देऊळ चौदाव्या शतकात सुरू झाले आणि त्या वेळी कुठे पुरे होत आले होते. सहाशे वर्षांच्या शिल्पाशेजारी गवंड्याच्या घमेल्या, दोऱ्या, फळ्या आणि त्या सगळ्यावर उंच झरोक्यातून उतरणारा उन्हाचा एक पट्टा, असे ते फोटो आहेत. देवळाचा फोटो काढायचा तर आधी पसारा हलवतात. याने पसाराच पुढे घेतला. 1928 साली त्यांतल्या पंधरा चित्रांचा संच निघाला, अवघ्या 120 प्रतींचा.

आता या माणसाच्या आयुष्यातली एक रात्र सांगतो. 1926 साली चेक फिलहार्मोनिक वाद्यवृंदातले त्याचे मित्र इटलीच्या दौऱ्यावर निघाले आणि यालाही सोबत घेऊन गेले. दौऱ्यात एके ठिकाणी कार्यक्रम चालू असताना सुदेक मधेच उठला आणि काळोखात चालू लागला. शहर मागे पडले. पहाटे, दवाने भिजलेल्या शेतात, त्याला ती जागा सापडली. जखमी झाल्यावर ज्या शेतघरात त्याला आणून निजवले होते, ते घर तसेच उभे होते. हात मात्र तिथे नव्हता, असे तो म्हातारपणी सांगत असे. प्रागला तो दोन महिन्यांनी परतला, तोवर मित्रांनी पोलिसांकरवी त्याचा शोध चालवला होता. आणि त्यानंतर पन्नास वर्षे तो देशाबाहेर कुठे गेला नाही.

ही हकीकत शब्दशः किती खरी, असा प्रश्न चिकित्सक वाचक विचारील. मी तो विचारत नाही. मैफलीतून अर्ध्यात उठून जाणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत, पण सुराने हातच शोधायला पाठवलेला हा एकच.

1927 साली त्याने प्रागच्या माला स्त्राना भागात, ऊयेझ्द रस्त्यावरच्या एका इमारतीच्या मागल्या अंगणात, एक लाकडी खोपटे भाड्याने घेतले. तेच घर, तोच स्टुडिओ, तीच अंधारखोली. बहीण बोझेना जन्मभर मदतीला राहिली. तिसाव्या दशकात त्याने पोटासाठी जाहिरातींचे कामही केले. लादिस्लाव सुतनार या संकल्पकाने केलेल्या चिनी मातीच्या आणि काचेच्या भांड्यांचे फोटो त्याने काढले, ते फार नेटके आहेत. त्यांत मला सुदेक कमी आणि कपबशी जास्त दिसते. पण काचेवर उजेड कसा बसतो हे तो त्या कामात शिकला असावा.

मग 1940 साल आले. प्राग जर्मनांच्या ताब्यात जाऊन वर्ष झाले होते. त्या दिवसांत फ्रान्समधल्या शार्त्र येथील मंदिराच्या एका मूर्तीचा जुना फोटो त्याने पाहिला, 1900 च्या सुमारास घेतलेला, तीस बाय चाळीस सेंटिमीटरांचा. दगडाचा दगडपणा बोटाला लागावा असा तो छाप होता. सुदेकच्या ध्यानात आले की हा मोठा केलेला फोटो नाही. एवढ्याच मोठ्या प्लेटेवर कागद टेकवून सरळ घेतलेला हा छाप आहे. त्या दिवसापासून त्याने आपल्या कामासाठी फोटो मोठा करणे सोडून दिले.

याचा अर्थ जरा उलगडून सांगायला हवा. नेहमीच्या पद्धतीत निगेटिव्ह लहान असते. यंत्रातून उजेड टाकून तिची आकृती कागदावर फुगवायची, म्हणजे फोटो मोठा होतो, पण मधे भिंग येते आणि अंतरही येते. सरळ छापात निगेटिव्ह आणि कागद एका चौकटीत छातीला छाती लावून बसवतात, वरून उजेड देतात, बस्स. जेवढी निगेटिव्ह तेवढाच फोटो. मोठा हवा असेल तर कॅमेराच मोठा आणा. म्हणून सुदेक जुन्या बाजारातले, लोकांनी अडगळीत टाकलेले लाकडी अवजड कॅमेरे घेऊन फिरू लागला. जग खिशातल्या कॅमेऱ्याकडे धावत होते आणि हा उलट्या दिशेने चालला होता. मी संगीताचा मास्तर, मला दुसरे उदाहरण सुचत नाही: ध्वनिक्षेपकातून हजार माणसांना ऐकू येणारा तंबोरा आणि मांडीला मांडी लावून बसल्यावर ऐकू येणारा तंबोरा, दोन्ही तंबोरेच. पण जवारीतला गंधार ऐकायचा तर जवळच बसावे लागते.

युद्धाच्या दिवसांत रस्त्यात तिकाटणे लावून उभे राहणे धोक्याचे. तेव्हा तो घरातच राहिला आणि त्याने आपल्या खोपट्याच्या खिडकीचे फोटो काढायला सुरुवात केली. 1940 ते 1954, चौदा वर्षे, तीच खिडकी. काचेवर कधी वाफ धरली आहे, कधी दहिवर, कधी पाण्याचे ओघळ. पलीकडे अंगणातले एक वेडेवाकडे झाड, कधी बर्फाने लदलेले, कधी नुसती सावली. खिडकीच्या फळीवर पाण्याचा पेला, एखादे गुलाबाचे फूल, अंडे, कांदा. माणूस नाही. पण कोणीतरी आत्ताच उठून गेले असावे असे वाटते. एकच राग चौदा वर्षे मांडणाऱ्या गवयाला आपण काय म्हणतो? घराणेदार म्हणतो. फोटोग्राफराला लोक हट्टी म्हणतात.

एका हाताने हे सारे जमत कसे असेल, हा प्रश्न मला पहिल्या दिवसापासून छळत होता. पखवाजाच्या घरात वाढलेल्या माणसाला दुसऱ्या हाताचे मोल सांगावे लागत नाही. युद्धानंतर त्याच्या हाताखाली सोन्या बुलाटी नावाची एक तरुण मुलगी काम करत होती, नाझींच्या छळछावणीतून वाचून आलेली. ती 1947 साली अमेरिकेस गेली आणि तिनेच पुढे 1978 साली त्याच्यावर इंग्रजीत पुस्तक काढले. ती सांगते की कॅमेरा मांडीवर धरून, एका हाताने आणि उरलेले काम दातांनी, अशी त्याची रीत होती. तिकाटणे खांद्यावर टाकून तो डोंगर चढे. एकदा दोघे संत व्हीटच्या मंदिराच्या तळघरातल्या एका जुन्या दालनात कॅमेरा लावून बसली होती. सारे काळोखे. अचानक वरून उन्हाची एक तिरीप आली. दोघांनी हातातली फडकी जोरजोराने झटकून शतकांची धूळ उडवली. कशासाठी? उजेड दिसावा म्हणून. धूळ नसेल तर उन्हाचा पट्टा दिसणार कशावर! ही गोष्ट वाचून मी पुस्तक मिटून ठेवले होते. बाजारातल्या त्या मुलाने आमच्या फोटोतली धूळ काढली होती.

त्याच्या जुन्या कॅमेऱ्यांत सर्वांत विचित्र म्हणजे कोडॅक कंपनीचा पॅनोरॅम, एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी निघालेला. यात कॅमेरा स्थिर असतो आणि भिंगच स्प्रिंगच्या जोरावर एका बाजूकडून दुसरीकडे वळते. मागे फिल्म कमानीसारखी वाकवून बसवलेली असते. त्यामुळे मान वळवून पाहावे तसा सुमारे 140 अंशांचा देखावा एका लांब पट्टीवर उतरतो, दहा सेंटिमीटर उंच आणि तीस लांब. जराशी पेटी कलली की क्षितिज पोटात वळते. करमणुकीसाठी विकलेल्या या खेळण्यावर सुदेकने पन्नाशी उलटल्यावर हात बसवला आणि 1959 साली ‘पॅनोरॅमिक प्राग’ हे 284 चित्रांचे पुस्तक आले. पूल, नदी, कोबलचे रस्ते, गावकुसाबाहेरची ओसाड मैदाने, सारे त्या पट्टीत लांबलचक पसरलेले. ही सगळी चित्रे एका बैठकीत पाहू नयेत असे माझे प्रांजळ मत आहे. दहा पाहावीत आणि उठावे. त्याच कॅमेऱ्याने त्याने उत्तर बोहेमियातल्या मोस्तच्या परिसरात कोळशासाठी खणून काढलेल्या जमिनीचे फोटो काढले. त्यांना तो ‘उदास प्रदेश’ म्हणे. त्यांत मात्र पट्टीचा आकार सार्थ वाटतो. कुठवर पाहावे, संपतच नाही.

आता संगीत. त्या खोपट्यात दर मंगळवारी मित्र जमत आणि सुदेक त्यांना ग्रामोफोनवर रेकॉर्डी ऐकवत असे. कार्यक्रम आधीपासून ठरवलेला, बसायला जागा नाही. कागदांचे ढीग, काचा, चिवट्याबावट्या, पेट्या, दोऱ्या यांतून वाट काढत जायचे. त्या पसाऱ्याचेही त्याने फोटो काढले आणि त्यांना ‘भूलभुलैया’ असे नाव दिले. बुलाटी अमेरिकेतून रेकॉर्डी पाठवी आणि तो तिला फोटो पाठवी. कोणाशी बोलता बोलता त्याच्या तोंडी एक पालुपद असे, ‘आणि संगीत चालूच आहे.’

त्याचा सर्वांत लाडका संगीतकार म्हणजे लेओश यानाचेक. आपल्याकडे हे नाव फारसे कोणी घेत नाही, म्हणून दोन शब्द. यानाचेक 1854 साली मोरावियातल्या हुक्वाल्डी या खेड्यात जन्मला, 1928 साली वारला. माणसे बोलतात त्या बोलण्याचे सूर तो आपल्या वहीत स्वरलिपीत टिपून ठेवी. बाजारातली बाई, रस्त्यातले पोर, कोणीही. 1903 साली त्याची तरुण मुलगी ओल्गा अंथरुणाला खिळून मरत होती, तेव्हा तिच्या शेवटच्या बोलांचेही सूर त्याने टिपले. हे वाचून माझ्या एका सहकाऱ्याने त्याला निष्ठुर ठरवले. मला तसे वाटत नाही. ज्याला जे धरून ठेवता येते, ते तो धरतो. सुदेक या हुक्वाल्डीला पुन्हा पुन्हा जात राहिला. यानाचेकचे घर, तिथली टेकडी, जंगल, पडका किल्ला यांचे फोटो काढत राहिला. 1971 साली ‘यानाचेक – हुक्वाल्डी’ हे पुस्तक निघाले. गवई वारल्यावर चाळीस-चाळीस वर्षे त्याच्या गावची झाडे पाहत हिंडणारा श्रोता आमच्या क्षेत्रात मला तरी भेटलेला नाही.

मानसन्मान उशिरा आले. 1961 साली सरकारने त्याला कलावंताची पदवी दिली. 1974 साली अमेरिकेत रॉचेस्टरच्या जॉर्ज ईस्टमन हाउसमध्ये प्रदर्शन भरले, पण तो गेला नाही. 15 सप्टेंबर 1976 रोजी प्रागमध्ये वारला. पुढे ते खोपटे आगीत जळाले. 2000 साली त्याच जागी तसेच बांधले असून तिथे आता फोटोंची प्रदर्शने भरतात. शिष्या सांगते की खिडकीही तशीच आहे.

हे सारे वाचून झाल्यावर मी तो बिस्किटांचा डबा पुन्हा उघडला. गावात एक वृद्ध फोटोग्राफर आहेत, दुकान केव्हाच बंद केलेले. त्यांच्याकडे गेलो. म्हटले, “काका, मोठा नको, आहे तेवढाच करून द्या.” ते जरा पाहत राहिले. “मास्तर, आता हे कोण मागतं?” म्हणाले, पण माळ्यावरची लाकडी चौकट काढली. कागद मिळवायला तीन आठवडे लागले. एका रात्री त्यांच्या न्हाणीघरात लाल दिवा लावून, दार फडक्यांनी बुजवून, आम्ही दोघे उकिडवे बसलो. प्लेटेवर कागद, वर काच, बल्ब काही सेकंद पेटवून विझवला. कागद तबकातल्या पाण्यात हलू लागला आणि हळूहळू आधी अंगरख्याच्या घड्या आल्या, मग शाई, मग गजरे, मग डावे तोंड.

कणीक होती. भिंग लावून पाहिले तर तिच्यावर बोटांचे ठसे होते, तीन स्पष्ट आणि एक अर्धवट. तशीच ओली असताना ते फोटोला बसले असावेत. म्हणजे फोटोनंतर वाजवायचे होते, कुठे ते आता कोणाला विचारणार!

छाप पोस्टकार्डाहून थोडा मोठा आहे. दिवाणखान्यात लावला तर कोणाला दिसायचा नाही, म्हणून शिकवणीच्या खोलीत पखवाजाच्या वर लावला आहे. बघायला येणारा अगदी नाक भिंतीला लावून उभा राहतो आणि मुले त्याला हसतात.